पत्र्यावरचं पाणी ड्रमात: माझ्या कामाच्या नोंदी

२७ एप्रिल

आज फक्त मोजमाप. मागच्या बाजूचा पत्रा ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद. रुंदी मोजताना टेप पत्र्याच्या उतारावर धरायचा नाही, खाली जमिनीवर पत्रा जेवढी जागा झाकतो तेवढीच धरायची, कारण पाऊस वरून पडतो, उतार जास्त म्हणून पाणी काही जास्त पडत नाही. तर झाले २४ चौरस मीटर. पुढचा हिशोब इतका सोपा आहे की मला आधी खरा वाटेना, १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे बरोब्बर १ लिटर पाणी. म्हणजे १० मिमीची एक चांगली सर आली की २४० लिटर, त्यातलं थोडं उडून जातं, थोडं पत्रा भिजण्यात जातं, म्हणून ०.८ ने गुणलं तरी १९२. एका सरीत जवळजवळ अख्खा २०० लिटरचा ड्रम! आणि एवढी वर्षं हे पाणी पागोळ्यांनी भिंतीच्या कडेला पडून नुसता चिखल करतंय.

४ मे

ड्रम आणला. निळा, जाड प्लॅस्टिकचा, २०० लिटरचा, वरचं झाकण पूर्ण निघतं आणि लोखंडी पट्ट्याने आवळून बसतं. दुसरा प्रकार पण होता, वर फक्त दोन बुचं असलेला बंद ड्रम, तो मुद्दाम नाही घेतला, कारण त्यात हात जात नाही आणि जिथे हात जात नाही ते आतून घासणार कसं.

जुना ड्रम घेत असाल तर आत आधी काय होतं हे नक्की कळल्याशिवाय घेऊ नका. कीटकनाशक, केमिकल, ऑइल असलं काही असेल तर सरळ नको म्हणा, प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं धुऊन जात नाही आणि तेच मग मिरची टोमॅटोच्या मुळाशी जाणार. बुडाशी त्रिकोणात २ आकडा असतो, तो बघून बरेच जण समाधान मानतात, पण तो आकडा फक्त प्लॅस्टिक कुठलं ते सांगतो (एचडीपीई), आत काय भरलं होतं ते नाही सांगत.

५ मे

एका काठीवर सेंमीच्या खुणा केल्या. ड्रमचा आतला व्यास ५८ सेंमी, म्हणजे १ सेंमी उंचीला साधारण २.६ लिटर. आता काठी बुडवली की किती पाणी आहे ते लगेच कळणार. छोटं काम पण मला यात सगळ्यात जास्त मजा आली.

११ मे

तोटी बसवली. पूर्ण रविवार गेला.

तोटी अगदी बुडाशी बसवायची नाही, तळाला गाळ बसतो तो पहिल्याच दिवशी तोटीत येतो, म्हणून तळापासून १० सेंमी वर भोक घेतलं. त्याने खालचं २५-२६ लिटर पाणी वापरात येत नाही पण ते गाळाला देऊन टाकलं असं समजायचं. भोक होल सॉने (ड्रिलला लावायची गोल करवत) पाडलं, आधी बारीक ड्रिल मारून मग होल सॉ, आणि स्पीड कमी ठेवला, जोरात फिरवलं तर प्लॅस्टिक कापलं न जाता वितळतं आणि कडा ओबडधोबड होते, मग वॉशर कितीही आवळा, थेंब थेंब येतच राहतं. कडेवरची कीस चाकूने काढून बोट फिरवून बघितलं, गुळगुळीत लागेपर्यंत. मग टँक निप्पल (ड्रमच्या भोकात बसणारा आट्यांचा तुकडा, त्यावर तोटी बसते), आतून रबरी वॉशर आणि बाहेरून पण रबरी वॉशर, चेकनट हाताने आवळून वर पान्याने फक्त पाव फेरा. जास्त आवळलं की वॉशर बाहेर फुगून सरकतो, पहिल्यांदा तेच झालं, सगळं खोलून परत केलं.

तोटी पाऊण इंची घेतली, अर्धा इंची नाही. ड्रममधल्या पाण्याला प्रेशर असं काही नसतंच, १० मीटर उंचीच्या पाण्याला १ बार प्रेशर मिळतं, इथे तोटीच्या वर जेमतेम ६५-७० सेंमी पाणी, म्हणजे ०.०७ बारच्या आसपास. एवढ्याशा जोरावर बादली भरायची तर निदान वाट तरी मोठी हवी.

१२ मे

नळाच्या पाण्याने तोटीच्या थोडं वर येईल इतकं भरून रात्रभर ठेवला. निप्पलखाली कोरडा कागद ठेवलेला, सकाळी पण कोरडाच.

१९ मे

ओटा. सिमेंटचे ब्लॉक दोन थर, ४० सेंमी उंची, म्हणजे तोटीखाली बादली आरामात बसते. माती कुटून घेतली, लेव्हल लावली, बुडबुडा मध्यभागी.

गटर म्हणजे पन्हळ पण आजच लावली, दर ३ मीटरला १ सेंमी उतार दिलाय. उतार डोळ्याला दिसत नाही म्हणून दोरी ताणून केला आणि मग एका टोकाला मगभर पाणी ओतून बघितलं, दुसऱ्या टोकाला येईपर्यंत कुठे थांबतंय का. मधल्या जोडापाशी थांबत होतं, तिथला क्लिप थोडा वर घेतला.

२४ मे

आता या सगळ्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग, पहिलं पाणी बाजूला काढणं, म्हणजे फर्स्ट फ्लश.

पत्र्यावर महिनोन्महिने धूळ, पानांचा चुरा, पक्ष्यांची घाण हे सगळं साठलेलं असतं आणि पहिल्या पावसात ते सगळं एकदम खाली येतं. ते ड्रममध्ये गेलं की पाण्याला वास, गाळ, शेवाळ. म्हणून डाउनपाईपला (पन्हळीतून खाली येणारा पाईप) टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावला आणि टीच्या खाली ११० मिमीचा जाड पाईप उभा सोडला, खालून एंड कॅपने बंद. पहिलं घाण पाणी या पाईपात पडतं, तो काठोकाठ भरला की मागून येणारं पाणी आपोआप ड्रमकडे वळतं. चौरस मीटरला निदान अर्धा लिटर तरी सोडायचं म्हणतात, म्हणजे माझ्या पत्र्याला १२ लिटर. या पाईपात १ मीटरला साधारण साडेआठ लिटर मावतं, म्हणून १.४ मीटर लांबीचा तुकडा लावला. एंड कॅपला २ मिमीचं भोक आहे, पाऊस थांबला की तिथून ठिबकत ठिबकत पाईप रिकामा होतो आणि पुढच्या पावसाला तयार. कॅप फिरकीची घ्या, चिकटवून टाकू नका, साफ करायला काढावी लागणारच.

ड्रमच्या तोंडाला आणि ओव्हरफ्लोच्या (ड्रम भरल्यावर जास्तीचं पाणी बाहेर सोडणारा पाईप) बाहेरच्या टोकाला स्टीलची बारीक जाळी. भोकं १ मिमीपेक्षा बारीक हवीत, नाहीतर डास आत जातो. ओव्हरफ्लो ७७ सेंमीवर काढला, १ इंची पाईप.

६ जून

पाऊस! संध्याकाळी साडेपाचला सुरू झाला आणि मी छत्री घेऊन ड्रमशेजारीच उभा.

आधी पन्हळीतून चहासारखं पाणी आलं, टीतून खाली त्या जाड पाईपात पडताना आवाज यायचा, सुरुवातीला खोल, मग जसजसा पाईप भरत गेला तसतसा आवाज वर वर चढत गेला आणि एकदम बंद झाला. दोन सेकंद काहीच नाही, आणि मग ड्रमच्या आत पहिली धार पडल्याचा आवाज. आई दारातून विचारत होती, "अरे पडतंय का आत?" पडत होतं!

अंगणात सरळ कडांची काचेची बरणी ठेवलेली, त्यात ६ मिमी. म्हणजे पत्र्यावर १४४ लिटर, वजा १२, उरले १३२. ड्रममध्ये काठी बुडवली तर ४५ सेंमी, म्हणजे ११७ लिटर. १५ लिटर पत्रा भिजण्यात आणि पन्हळीच्या कडेवरून उडण्यात गेले असणार. नंतर एंड कॅप उघडून बघितली, आत काळा चिखल, पिसं आणि एक मेलेला भुंगा. ते सगळं ड्रममध्ये गेलं असतं.

९ जून

ड्रम कलला. सकाळी बघितलं तर भिंतीच्या उलट्या बाजूला चांगला २ सेंमी खाली. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, वर ड्रमचं वजन वेगळं, आणि मे महिन्यात कोरडी असताना दगडासारखी वाटणारी माती पावसाने भिजली की लोण्यासारखी होते, ब्लॉकची एक कड आत शिरली. असा ड्रम जर कोणा लहान पोराच्या अंगावर गेला तर काय होईल हा विचारच करवत नाही, लगेच सगळं पाणी सोडून दिलं.

खणून माती काढली, खडी टाकून कुटली, त्यावर ६० बाय ६० ची जाड फरशी, फरशीवर ब्लॉक. आता वजन कडांवर न येता सगळ्या फरशीवर पसरतं. शिवाय भिंतीत हुक मारून ड्रमला मधोमध पट्टा बांधला. ज्यांना करायचंय त्यांनी फरशी पहिल्या दिवशीच टाका.

१७ जून

आज दुपारी जो पाऊस झाला त्याने ओव्हरफ्लोचा माझा सगळा अंदाज चुकवला. २० मिनिटांत बरणीत २० मिमी, म्हणजे मिनिटाला १ मिमी. या वेगाने २४ चौरस मीटरवरून मिनिटाला २४ लिटर येतं, म्हणजे रिकामा ड्रमसुद्धा आठ-नऊ मिनिटांत भरणार, आणि माझा तर अर्धा आधीच भरलेला. भरल्यावर १ इंची ओव्हरफ्लोतून सगळं पाणी बाहेर पडायला हवं होतं, पण ते पडेना, पाणी झाकणाखालून चारी बाजूंनी बाहेर यायला लागलं आणि नेमकं भिंतीच्या पायाशी साचलं. जे थांबवायला हे सगळं केलं तेच!

नंतर बसून हिशोब केला, पाईपाच्या तोंडावर ४-५ सेंमी पाणी चढलं तरी १ इंची पाईपातून मिनिटाला १५-१८ लिटरच्या वर जात नाही. पाईप बारीक आहे, बाकी दोष कशाचाच नाही. नियम साधा आहे, ज्या मापाच्या पाईपाने पाणी आत येतं निदान त्याच मापाच्या पाईपाने ते बाहेर जायला हवं.

२१ जून

ओव्हरफ्लो ७५ मिमीचा केला, डाउनपाईप आहे तेवढाच. बाहेरचं टोक भिंतीपासून २ मीटर लांब वेलाच्या आळ्यात सोडलं, आळं रुंद करून त्यात खडी भरली. आता जास्तीचं पाणी जमिनीत मुरतं.

२ जुलै

डासांच्या अळ्या सापडल्या.

ड्रममध्ये नाही, आत टॉर्च मारून चांगलं बघितलं, जाळी शाबूत आहे. अळ्या झाकणावर होत्या. या ड्रमचं झाकण कडेपेक्षा थोडं खाली बसतं, तिथे सगळीकडून बोटभर पाणी साचून राहतं, मी रोज त्यावर हात ठेवून काठी बुडवायचो आणि कधी नीट बघितलंच नव्हतं. वाकून बघितलं तर केसाएवढ्या काळपट अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीकडून लटकलेल्या, डोकं खाली, सावली पडली की सगळ्या वळवळत खाली जातात आणि थोड्या वेळाने परत वर.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, थोड्याशा साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, ड्रमची त्याला गरज नाही, बाटलीचं झाकण पुरतं. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस. आणि अंडी तो पाण्यात सोडत नाही तर पाण्याच्या जरा वर, ओलसर भिंतीवर चिकटवतो, ती कोरड्यात महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणजे नुसतं पाणी ओतून दिलं की काम झालं असं नाही, कडा घासायला लागतात.

पाणी जमिनीवर ओतलं, कड ब्रशने खसाखसा घासली, झाकणाच्या खोलगट भागात काठालगत पाणी जायला दोन चिरा पाडल्या (झाकणातून आरपार भोक नाही, नाहीतर डासाला आत जायला वाटच) आणि आता दर रविवारी एक फेरी, झाकण, पन्हळ, फर्स्ट फ्लशच्या एंड कॅपचं भोक. ते भोक पण गाळाने बुजलेलं निघालं, १२ लिटर पाणी तिथे किती दिवस उभं होतं कोण जाणे. टाचणी आता तिथेच दोऱ्याने बांधून ठेवलीय.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "पाणी साठवलं की डास होणारच रे." काकू, झाकलेल्या आणि जाळी लावलेल्या पाण्यात नाही होत. उघड्या राहिलेल्या बोटभर पाण्यात होतात.

१२ जुलै

दुसरा ड्रम आणला, पहिल्याला खालून पाईपाने जोडला. दोन्हीत पाण्याची पातळी सारखी राहते, एकाच तोटीने काम होतं.

१५ जुलै

दोन्ही ड्रम सकाळी तोटीच्या पातळीपर्यंत रिकामे. जोडपाईपाचा एक सांधा रात्री सुटला आणि खालून जोडलेले असल्यामुळे एका सांध्याने दोघांचं पाणी नेलं, साडेतीनशे लिटर.

२० जुलै

जोडणी बदलली, आणि यावर पाच दिवस विचार करून एक गोष्ट लक्षात आली जी मला सुरुवातीलाच कळायला हवी होती. पाऊस चालू असतो तेव्हा झाडांना पाणी लागत नाही आणि ड्रम भरून वाहत असतो, उघडीप पडली की झाडांना पाणी लागतं आणि चार दिवसांत ड्रम रिकामा. वर्षाला किती पाऊस पडतो याचा ड्रमच्या संख्येशी फार संबंधच नाही, दोन पावसांमध्ये किती दिवस कोरडे जातात त्यावर ड्रम किती हवेत ते ठरतं. माझ्या कुंड्यांना आणि वाफ्याला रोज ४० लिटर लागतात, एका ड्रममधलं वापरण्याजोगं पाणी १७५ लिटर, म्हणजे चार दिवस आणि थोडं.

म्हणून आता असं केलंय, पहिला ड्रम घरासाठी, दुसरा आणि तिसरा (हो, तिसरा पण आणला) फक्त बागेसाठी. जोड खालून नाही तर वरून, पहिला भरला की त्याचा ओव्हरफ्लो दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा वेलाच्या आळ्यात. प्रत्येकाला स्वतःची तोटी. एक गळला तरी बाकीचे दोन शाबूत राहतात, आणि चुकून आलेला गाळ पहिल्यातच बसतो, पुढच्या दोघांत जवळजवळ नितळ पाणी जातं.

पावसाच्या दिवसांत पहिल्या ड्रमचं पाणी रोज वापरून संपवायचं, टॉयलेटला, फरशी पुसायला, पायपुसणी धुवायला. तो रोज रिकामा होतो आणि रोज भरतो. साठवून ठेवलेल्या पाण्यापेक्षा असं फिरतं राहिलेलं पाणी हिशोबात कितीतरी जास्त भरतं.

हे पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकाला नाही, भांड्यांना पण नाही. दिसायला कितीही स्वच्छ असलं तरी पक्ष्यांच्या विष्ठेतून येणारे जंतू डोळ्याला दिसत नाहीत. तिन्ही तोट्यांवर लाल रंगाने "पिण्याचं नाही" लिहिलंय. आणि घरातल्या नळाच्या लाइनला हे पाणी पाईपाने जोडायचं अजिबात नाही, प्रेशर कमी झालं की उलटं ओढलं जाऊन पिण्याच्या पाण्यात मिसळू शकतं. मी बादलीनेच नेतो.

३ ऑगस्ट

आई म्हणाली पायपुसण्यांना साबण निम्माच लागला आणि फेस जास्त. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून. कुंड्यांच्या कडेला जो पांढरा थर धरायचा तो पण यंदा नवीन धरलेला नाही.

१९ ऑगस्ट

आजचा अकरावा कोरडा दिवस आणि संध्याकाळी चार वाजता पाऊस आला!

या अकरा दिवसांत घरासाठी वापर पूर्ण बंद ठेवला होता, तिन्ही ड्रम मिळून ५२५ लिटर बागेला. रोज काठी बुडवून लिहीत होतो. पहिले दिवस बादली अर्ध्या मिनिटात भरायची, शेवटी शेवटी दीड मिनिट लागायचं, कारण वरच्या पाण्याची उंची पाव झाली की धार निम्मी होते, आणि पावच्याही खाली गेलं की अजून बारीक. दुपारी पाणी घालणं बंद केलं, फक्त सकाळी लवकर, आणि कुंड्यांत वाळलेल्या पानांचा दोन बोटं जाड थर टाकला, त्याने रोजचे ४० चे ३५ झाले. आज सकाळी हिशोबात १४० लिटर शिल्लक होतं, काठीवर १३५ आलं. नळाचं पाणी बागेला एकदाही घातलं नाही. सातव्या दिवशी टोमॅटोची पानं दुपारी मान टाकायला लागली तेव्हा मोह झाला होता, पण संध्याकाळी परत ताठ झाली.

७ सप्टेंबर

पहिल्या ड्रममध्ये आतून हिरवट बुळबुळीत थर. निळ्या प्लॅस्टिकमधून थोडा उजेड आत जातोच आणि उजेड मिळाला की शेवाळ धरतं. बाहेरून गडद रंग मारून घेतला, तिघांनाही. रंग धरावा म्हणून आधी पॉलिश पेपर मारला.

२६ ऑक्टोबर

दोन आठवडे पाऊस नाही, आता येईलसं वाटत नाही. शेवटचं पाणी आज वेलाला घातलं.

पहिल्या ड्रमच्या तळाशी दोन बोटं काळा मऊ गाळ निघाला, दुसऱ्यात पातळ थर, तिसऱ्यात बोट फिरवलं तर जेमतेम बोट मळलं. गाळ फुलझाडांच्या वाफ्यात टाकला. आतल्या भिंती, विशेषतः ७७ सेंमीच्या आसपासची पाण्याची रेघ, ब्रशने घासून उन्हात वाळवल्या. तिन्ही ड्रम पालथे, जाळ्या धुऊन घडी करून, तोट्यांचे वॉशर डब्यात. एक वॉशर चिरलाय, तो बदलायचा. पन्हळीच्या मधल्या जोडाला सिलिकॉन भरायचं राहिलंय, ते पुढच्या रविवारी.